तिन्ही एकाच टेबलावर

“पण नेमकं काय करतेस तू त्या हापिसात?” रंगनाथमामांनी पोह्यांचा चमचा हवेतच धरून विचारलं.

आई माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या पाठीला हळूच बोट लावलं. कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरवर काम आहे, अमेरिकेतल्या दवाखान्यांचं’ एवढंच सांगायचं आणि डिश पुढे करायची, असं तिने मला आदल्या दिवसापासून पढवून ठेवलं होतं. ते माझं सांगून झालं होतं. डिशही दोनदा पुढे करून झाली होती.

“नाही, आपल्याला कळावं म्हणून विचारतो,” मामा म्हणाले. मामा म्हणजे मला बघायला आलेल्या मुलाचे मामा. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे बोलण्याचा सगळा कारभार त्यांच्याकडेच होता. “तिकडच्या दवाखान्यांचं काम इकडं नाशकात बसून करायचं, म्हणजे करायचं काय?”

माझं डोकं लवकर तापतं. मुलगा काय करतो, हे आम्ही एकदाच विचारलं होतं. ‘सिन्नरला कारखान्यात सुपरवायझर’ एवढ्या उत्तरावर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, समाधान झालं होतं. माझीच तेवढी उलटतपासणी चालली होती.

“बायकांच्या ऑपरेशनची बिलं असतात मामा,” मी म्हणाले. “डॉक्टर ऑपरेशन करतात आणि काय काय केलं ते बारकाईने लिहून ठेवतात. ते वाचून मी त्याला ठरलेले आकडे देते. प्रत्येक ऑपरेशनचा आकडा वेगळा. ते आकडे बघून विमा कंपनी पैसे देते.”

“बायकांची म्हणजे?”

“गर्भाशयाची.”

टीव्ही बंद होता, तरी अण्णांनी रिमोट हातात घेतला. आईचं बोट माझ्या पाठीत रुतलं. मुलगा, गोरख त्याचं नाव, पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करायला लागला. “हां, हां, कामच आहे ते,” असं मामा घाईघाईने म्हणाले. तिथे मी थांबायला हवं होतं, पण एकदा सुरू झाले की मी थांबत नाही.

“सोपं नसतं ते,” मी म्हणाले. “एकाच बाईची एकाच वेळी तीन-तीन ऑपरेशनं होतात. समजा गर्भपिशवी काढली. लघवीची पिशवी खाली उतरली होती, ती वर उचलून टाके घातले. आणि शिंकताना, खोकताना लघवी सुटू नये म्हणून आतून पट्टी बसवली. आता ह्यातलं वेगळं काय धरायचं आणि कशात काय आलंच असं समजायचं, ते मी ठरवायचं. शिंपी ब्लाउज शिवतो तेव्हा हुकाचे वेगळे पैसे मागतो का? नाही. पण साडीला फॉल लावला तर मागतो. तसंच हे. मोठं ऑपरेशन पहिलं लिहायचं, त्याचे पैसे पूर्ण. बाकीच्यांचे कमी. पट्टी बसवल्यावर डॉक्टर दुर्बीण घालून आत एकदा बघतात, ते मात्र हुकासारखं. त्याचा वेगळा आकडा दिला की बिल परत!”

मामांनी पोह्यांची डिश खाली ठेवली. त्यांची भूक मेली असावी.

“तिन्ही एकाच वेळी?”

हा आवाज नवीन होता. मुलाची आई, मथुराबाई वारुंगसे, आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. जिना चढून आल्या आल्या त्यांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं होतं, आणि पोहे येण्याआधी पुन्हा एकदा जाऊन आल्या होत्या. सिन्नरला त्यांचं मिरची-मसाल्याचं कांडप होतं. नवरा गेल्यावर त्या कांडपाच्या जिवावर त्यांनी पोराला शिकवलं. “पण आता दमली ताई,” असं मामांनीच मघाशी सांगितलं होतं. “गुडघे साथ देत नाहीत. सून आली की कांडप विकून टाकायचं.” ते ऐकताना बाई खाली फरशीकडे बघत होत्या. आता त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हणाले. “एकाच टेबलावर.”

“म्हंजे भूल एकदाच?”

“एकदाच.”

“आन् झोपून राहायचं ते पण एकदाच?”

“एकदाच काकू.”

त्या उठल्या. “मला पोरीसंगं एकटीसंगं बोलायचंय,” त्या भावाला म्हणाल्या.

आईचा चेहरा एकदम उजळला. मुलीशी एकटीशी बोलायचंय म्हणजे स्थळ पुढे सरकलं, असं सगळेच धरतात. तिने स्वतः स्वयंपाकघराचं दार उघडून दिलं आणि आम्ही आत गेल्यावर हलकेच ओढून घेतलं.

काकू बसल्या नाहीत. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“तू सांगितलंस ते सगळं अमेरिकेतच होतं, का आपल्याकडं पण?”

“आपल्याकडेही होतं.”

“मला हाये ते,” त्या म्हणाल्या. “तिन्ही.”

शेकडो बायकांचं दुखणं मी वाचलं होतं. वय इतकं, बाळंतपणं इतकी, त्रास अमुक वर्षांपासून. पण समोर उभी राहून सांगणारी एकही बाई मला तोवर भेटली नव्हती.

“मिरची कुटायची म्हंजे दिसभर शिंका,” त्या म्हणाल्या. “आन् एकेका शिंकेला लुगडं ओलं. दिसातून तीन-तीनदा बदलते मी. लोकांना वाटतं, मथुराबाई मोठी टापटिपीची! अंग तर पार बाहेर येतं, पोतं उचललं की. मागं एका डाक्टरला दाखवलं होतं. तो म्हणला, आधी पिशवी काढू, लघवीचं मंग दुसऱ्या डाक्टरकडं बघू. मी म्हणलं, इतक्या येळा कोण झोपणार? कांडप कोण बघणार? आन् सांगू कुणाला? भावाला सांगू, का पोराला?”

“म्हणून कांडप विकताय?”

“गुडघ्याचं नाव सांगितलं सगळ्यांला. गुडघ्याचं कुणी पुढं विचारत नाही.”

“तुम्हाला विकायचंय का पण?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “मालक गेले तव्हा त्या मशिनीनं मला उभं केलं पोरी. मला कशाला विकायचं असंल ते?”

“काकू, मी डॉक्टर नाही हो. सगळं होऊन गेल्यावरचं फक्त वाचते मी.”

“म्हणून तर तुला सांगता आलं. माह्यासंगं येशील का चांगल्या डाक्टरकडं?”

“येईन की. पण हे लग्नाचं...”

त्यावर त्यांनी जो विचार केला होता तो ऐकून मी थक्क झाले. “हो म्हणलं तर नुसती साडी घ्यायला निघालो तरी दोन्हीकडचं खटलं संगं येईल. नाही म्हणलं तर तुह्यी आई तुला माह्यापाशी फिरकू द्यायची नाही. म्हणून आपण काहीच म्हणायचं नाही. तुला चालंल ना?”

मला चाललं. बाहेर येऊन त्यांनी ‘आठ दिवसांत कळवतो’ असं सांगितलं आणि पाहुणे गेले.

आठ दिवसांनी फोन आला, की मुलीशी अजून थोडं बोलायचंय. मग आला, की मुलीला घेऊन जरा बाजारात जायचंय. काकू एकट्याच सिन्नरहून एसटीने यायच्या आणि मला घेऊन जायच्या. आई चक्रावून गेली होती.

“मुलगा पुन्हा बघायला येतो, हे मी ऐकलंय,” ती अण्णांना म्हणाली. “ही बाई स्वतःच कितीदा बघणार आहे?”

“चोखंदळ आहेत,” अण्णा म्हणाले.

मी ऑफिसातल्या मैत्रिणींना विचारून डॉक्टर नसरीन काझींचं नाव काढलं होतं. काकू तपासायला आत गेल्या आणि मी बाहेर बाकावर बसले, तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला. सगळ्यांसमोर ‘एकदाच, एकदाच’ असं मी ठासून सांगितलं होतं, ते सातासमुद्रापलीकडच्या कागदांच्या भरवशावर. ह्या डॉक्टर नाही म्हणाल्या तर? काकू सिन्नरला परत जातील, कांडप विकतील आणि पुन्हा जन्मात कुणाला काही सांगायच्या नाहीत.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. “तुम्ही ह्यांच्या नात्याने कोण?”

मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे.

“ते ठरायचंय अजून,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. “पिशवी काढायची आणि मूत्राशय वर उचलायचं, हे एकत्र होईल. पट्टीचं मात्र मी आत्ताच सांगत नाही. आधी तपासणी करावी लागेल. काही जणींना पट्टी लागतच नाही, काहींना नंतर बसवावी लागते.”

“म्हंजे पुन्हा झोपायचं?” काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी उचलली, चपलेत पाय घातला.

मला राहवलं नाही. “पण मॅडम, पट्टी त्याच वेळी बसवली तर तिचा आकडा वेगळा धरता येतो! विमा कंपनी अडवत नाही!”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बिल तुम्ही करून मोकळ्या झालात की,” त्या म्हणाल्या. “आता मला ऑपरेशन करू द्याल का?”

मी लाजेने लाल झाले. रोज कागदावरून आकडे लावायची खोड. इथे अजून कागदच झाला नव्हता, आणि मी आकडा लावायला निघाले होते. काकू आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग खळखळून हसल्या, आणि हसता हसता मटकन खुर्चीत बसून त्यांनी पाय आवळून धरले.

“हसवू नका हो डाक्टरीणबाई. हसलं तरी होतंय.”

“झाली की निम्मी तपासणी,” डॉक्टर म्हणाल्या. मग तर आम्ही तिघीही हसत सुटलो.

उरलेली निम्मी तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. पट्टी लागणार हे नक्की झालं आणि तिन्ही एकदम करायचं ठरलं. पण डॉक्टरांनी एक अट घातली. “घरचं जवळचं माणूस हवं. ठरायचंय अजून, असलं नको.”

घरचं माणूस म्हणजे गोरख. काकूंनी हातच जोडले. “पोराला कोणत्या तोंडानं सांगू मी? तूच सांग. तुला सांगायची सवय हाये.”

कारखाना सुटायच्या वेळी मी सिन्नरला गेले. आम्ही रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसलो. त्याने दोन ग्लास रस सांगितला आणि रस यायच्या आतच म्हणाला, “नकार सांगायला आलात ना? फोनवर कळवलं असतं तरी चाललं असतं. उगाच एवढ्या लांब आलात.”

मी त्याला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, शिंप्याचं उदाहरणही दिलं नाही. तो ऐकत होता आणि त्याच्या ग्लासातला फेस खाली बसत होता.

“मी तिला गुडघ्याचे पट्टे आणून दिले,” तो शेवटी म्हणाला. “एक झाला की दुसरा, वेगवेगळ्या कंपन्यांचे. मी घरी यायची वेळ झाली की ती दोन्ही गुडघ्यांना लावून बसायची. माझ्यासाठी!” तो हसला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग विचारलं, “कोणता दवाखाना? कधी जायचंय?” दुसरं काही विचारलं नाही.

आता घरी सांगणं भाग होतं. मी आईला सगळं सांगितलं. तिने आधी कपाळावर हात मारून घेतला. मग ओटा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “त्या डॉक्टर काय नाव म्हणालीस? शनिवारी असतात का?”

ऑपरेशन छान झालं. काकू गुंगीतून बाहेर येत होत्या तेव्हा मी शेजारी होते.

“तिन्ही झाली?”

“तिन्ही झाली काकू.”

“दुर्बिणीचे वेगळे पैसे नाही ना लावले?” आणि पुन्हा झोपल्या.

त्या चार-पाच दिवसांत मी गोरखला नीट बघितलं. रंगनाथमामा दारात उभं राहून ‘कसंय ताई’ विचारायचे आणि लगेच खाली चहाला जायचे. गोरख मात्र आईचे परकर, लुगडी घेऊन दवाखान्याच्या मागच्या नळावर जायचा, खळबळून धुवायचा आणि सगळ्यांच्या देखत दोरीवर वाळत घालायचा. मला तेव्हा तो आवडला. सरळ सांगते, परकर पिळताना आवडला.

त्यामुळे महिना-दोन महिन्यांनी, काकू चांगल्या हिंडू-फिरू लागल्यावर, ती मंडळी रीतसर निरोप सांगायला आली, तेव्हा मी आईची हिरवी साडी नेसले होते. कांडप विकायचं रद्द झालं होतं. पोती उचलायला गडी ठेवला होता. काकू जिना चढून आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. मामांनी घसा खाकरला. “बराच वेळ लागला खरा. आता ताईनंच सांगावं.”

“माह्याकडून नकार हाये,” काकू म्हणाल्या.

आईच्या हातातला चहाचा ट्रे वाकडा झाला. अण्णा म्हणाले, “अहो, पण—” गोरखची मान खाली. मी उठले, काकूंचा दंड धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. ह्या वेळी दार मी लावलं.

“काय चुकलं माझं?”

“तुह्यं काही नाही चुकलं.”

“मग?”

“हे बघ पोरी. तू सून झालीस की मी सासू होणार. माह्यी सासू कशी होती मला माहितीये, मी पण तशीच होणार. भाजी खारट झाली म्हणून बोलणार. माहेरी दोन दिस जास्ती राहिलीस तर तोंड पाडून बसणार. मंग उद्या पुन्हा काही दुखलं, तर कोणत्या तोंडानं तुला सांगू?” त्यांनी माझा हात घट्ट धरला. “सुना काय, मिळंल एखादी. सांगायला माणूस मिळायला मला उभा जलम लागला.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्हीतला राग जिंकला.

“तुमचा नकार कळला,” मी म्हणाले. “तुमच्या मुलाचा काय विचार आहे?”

“त्याला काय विचारायचं?”

“मग मी विचारते.”

दार उघडून मी हॉलमध्ये आले. “गोरख, तुमचं काय म्हणणं आहे?”

“अगं, असं मुलीनं स्वतः—” मामा म्हणाले.

गोरख उगाचच उठून उभा राहिला. त्याने माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या आपल्या आईकडे बघितलं. “माझा होकार आहे,” तो म्हणाला. “रसवंतीतच होता. आई नको म्हणाली, म्हणून बोललो नाही.”

मी काकूंकडे वळले. “तुम्ही खुशाल सासू व्हा. भाजीवरून बोला, माहेरावरून बोला, मी पण उलटून बोलेन. पण काही दुखलं की मला आत बोलवायचं आणि दार लावायचं. एवढं कबूल करा.”

“बोलंन बरं का मी. खरंच बोलंन.”

“बोला.”

“चहा गार होतोय,” अण्णा म्हणाले, आणि आमच्याकडे तोच होकार धरला गेला.

त्या खरंच बोलल्या. ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांनी एकही संधी सोडलेली नाही. माझ्या पोळ्यांच्या आकारावर बोलल्या, ऑफिसातून उशिरा येण्यावर बोलल्या, मी लेकाचं नाव काय ठेवावं ह्यावर तर महिनाभर बोलल्या. मीही ऐकून घेतलं नाही. गेल्या दिवाळीत मामांचं अख्खं घर जेवायला होतं, तेव्हा त्यांनी भर पंगतीत मला धरलं.

“काय ही सून! नुसती तोंडातल्या तोंडात पुटपुटते. बघायला गेलो तव्हा काय आवाज होता! आता काय विचारावं तर उत्तर म्हणून ऐकू येत नाही.”

मामा सगळ्यात मोठ्याने हसले. मी वाटी आपटली आणि आत निघून गेले. कढईत पुऱ्या सोडत होते आणि मनात एकेक उत्तर तयार करत होते, तेवढ्यात त्या आत आल्या. दार लावलं. कडी घातली.

“ए पोरी, इकडं ये.”

“आता काय राहिलं?”

“माह्या डाव्या कानानं काही ऐकू येईना.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “वरीस झालं असंल. कांडपाच्या आवाजानं गेला काय गं?”

झारा हातात धरून मी त्यांच्याकडे बघत राहिले. पुरी करपली.

“मग बाहेर मला कशाला बोललात?”

“मंग काय सांगू मामाला, बहिरी झाले म्हणून?”

मी गॅस बारीक केला. “शनिवारी जाऊ आपण दाखवायला.”

“काय म्हणलीस?”

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, डोळे टिपले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कडीला हात घातला.

“बाहेर गेले की मी सासू हाये बरं का,” त्या म्हणाल्या. “ध्यानात ठेव.”